पुण्यकामाला हवा सवलत देत नाही

हेलिकॉप्टर उडवणारा वेगळा आणि ते आज उडण्याजोगं आहे असं लिहून खाली सही करणारा वेगळा. मी सही करणारा. कागदोपत्री मला एएमई म्हणतात, म्हणजे विमान देखभाल अभियंता. पायलट लोक नुसतं ‘इंजिनिअर’ म्हणून हाक मारतात. उमेदीची वर्षं हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून गेली. मग लायसन्स काढून जुहूला आलो, बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांवर काम केलं आणि पुढं एका खासगी कंपनीकडून केदारनाथ यात्रेच्या हंगामात उत्तराखंडात जाऊ लागलो. २०१३ चा जून मला तिथंच भेटला.

आपत्तीत मदतीला गेलेलं हेलिकॉप्टर पडलं की लोक हळहळतात. गेलेल्यांना शहीद म्हणतात, फोटोला हार घालतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण त्या हळहळीत ‘पडलं कशामुळं’ हा प्रश्न मागं राहून जातो. तो नेटानं विचारला तर उत्तर बहुतेकदा साधं निघतं. ढग, तार, वजन, थकवा, नाहीतर यंत्राचा एखादा भाग. रोजच्या उड्डाणात माणसं ज्या कारणांनी मरतात त्याच कारणांनी मदतीच्या उड्डाणातही मरतात. पुण्यकामाला निघालो म्हणून हवा सवलत देत नाही. मात्र एवढं म्हणून भागत नाही. इतक्या वर्षांत मला जे दिसलं ते असं की, हेतू चांगला असणं हाच त्या दिवसाचा एक जादा धोका असतो. एरवी पायलट ज्या गोष्टीला सहज नाही म्हणाला असता, तिला त्या दिवशी नाही म्हणणं जड जातं.

आधी वजनाचं सांगतो, कारण मदतीच्या कामात सगळ्यात पहिल्यांदा वजनकाटा हरवतो. यात्रेच्या हंगामात खालच्या हेलिपॅडवर प्रत्येक भाविकाला काट्यावर उभं करतात. आकडा लिहिला जातो, बेरीज होते, जड माणूस कुठं बसवायचा ते ठरतं, कुणाची पिशवी मागं राहते. भाविक कधी हसतात, कधी चिडतात. त्यांना तो तिकिटाचा नियम वाटतो; खरं तर तो हवेचा नियम आहे. केदारनाथ पावणेबारा हजार फुटांच्या आसपास. तिथं हवा आधीच विरळ, त्यात जूनच्या दुपारी ऊन पडलं की आणखी विरळ होते. मंदिराजवळ पंधरा अंश तापमान असेल तर यंत्राच्या दृष्टीनं ती उंची चौदा हजार फुटांच्या वर जाते. पात्यांना पकडायला हवा कमी, इंजिनाला श्वास घ्यायला हवा कमी. सकाळी थंडीत सहाजणांना सहज उचलणारं यंत्र दुपारी चौघांना घेऊन कुरकुरतं.

१६ आणि १७ जूनला केदारखोऱ्यात जे झालं ते सर्वांना माहीत आहे. ढग अक्षरशः रिते झाले, १७ च्या सकाळी वरचा चोराबाडी तलाव फुटला, मंदाकिनीनं केदारनाथचा बाजार आणि खालचं रामबाडा गाव धुऊन नेलं. रस्ते गेले, पूल गेले, उरली ती हवेची वाट. यात्रेची खासगी हेलिकॉप्टरं होती ती प्रशासनानं कामाला लावली, आणि हवाई दल, लष्कर यांची यंत्रं येऊन मिळाली. वर अडकलेली माणसं ओली, उपाशी, काहींच्या पायांत चपलासुद्धा नाहीत. कुणी कडेवर दोन मुलं घेतलेली, कुणी गाठोडं छातीशी धरलेलं. तिथं काटा कुठून आणणार? पायलट पातं फिरतं ठेवूनच उतरायचा, जवान दोर धरून गर्दी थोपवायचे, आणि पायलट आत बसल्या बसल्या बोटं दाखवायचा: चार, नाहीतर पाच. वजनाचा सगळा हिशेब नजरेवर. यंत्र जमिनीपासून हातभर उचलून बघायचं. ताकदीचा काटा लाल रेषेला भिडला की पुन्हा टेकवायचं आणि एकाला उतरवायचं. त्या उतरवलेल्या माणसाकडं बघणं पायलटांना नको वाटे. हे त्यांनीच मला रात्री जेवताना सांगितलेलं आहे.

माणसं जास्त यावीत म्हणून इंधन कमी घेऊन जायचं. जाऊन-येऊन होईल आणि गरजेपुरतं शिलकीत राहील, एवढंच. म्हणजे दर फेरीला खाली येऊन पुन्हा भरणं आलं, आणि इंजिन बंद करून चालू करण्यात वेळ जातो म्हणून तेही पातं फिरत असताना. नियमात बसणाऱ्या गोष्टी आहेत या, चोरून केलेलं काही नाही. पण नियमांच्या मध्यावर उभं राहून काम करणं आणि काठावर उभं राहून करणं यांत फरक असतो. मदतीच्या दिवसांत आम्ही दिवसभर काठावर असायचो.

खालून वर जाणाऱ्या मालाची तऱ्हा वेगळी. देशभरातून ट्रक आले होते. बिस्किटं, घोंगड्या, औषधं, पाण्याच्या बाटल्या. स्वयंसेवक इतक्या मायेनं माल भरायचे की त्यांना थांबवताना माझाच आवाज बसायचा. आत जागा शिल्लक दिसली की त्यांना वाटायचं अजून चालेल. घोंगड्यांनी जागा भरते, वजन नाही. पाण्याचा खोका लहान दिसतो आणि यंत्राला बसवून ठेवतो. दुसरी भीती सुट्या वस्तूंची. हेलिकॉप्टर उतरताना खाली वाऱ्याचा जो लोट येतो त्यात ताडपत्री, प्लॅस्टिकचे कागद, रिकाम्या पिशव्या सरळ वर उठतात. त्यांतलं एखादं मागच्या छोट्या पात्यात गेलं तर यंत्र जागच्या जागी गरगरतं. म्हणून सकाळी उजाडल्यावर मी पहिलं काम करायचो ते हेलिपॅड झाडायचं. एका तरुण स्वयंसेवकानं विचारलं होतं, “सर, आप इंजिनिअर हो के सफाईवाले?” दोन्ही, म्हटलं.

यंत्राची झीज कशी होते हेही सांगायला हवं, कारण हा भाग कुणी लिहीत नाही. केदारनाथला पुराचा राखाडी गाळ वाळून पिठासारखा झाला होता. दर उतरण्याला तो उडायचा, इंजिनात जायचा, पात्यांच्या पुढच्या कडा खरवडायचा. रात्री जनरेटरच्या उजेडात पाती हातानं चाचपायची, गाळण्या साफ करायच्या, इंजिन पाण्यानं धुवायचं. शिवाय यंत्राचे काही भाग तासांवर मोजतात तर काही किती वेळा चालू केलं, किती वेळा उतरवलं यावर. दहा-बारा मिनिटांच्या फेऱ्या सुरू झाल्या की तास फारसे भरत नाहीत, पण उतरण्यांची संख्या भराभर वाढते आणि लांबवर दिसणारी तपासणी दारात येऊन उभी राहते. माणसाचंही तसंच. दिवसाचे उड्डाणतास नियमात बसत असतील, पण दर उतरण्याला लक्ष तेवढंच लागतं, आणि संध्याकाळपर्यंत ते पुरवायचं कुठून?

आता त्या दरीबद्दल. केदारनाथकडं जाणारी मंदाकिनीची दरी म्हणजे एक बोळ आहे. शिरायची वाट तीच, बाहेर पडायची वाट तीच, आणि वर जावं तशी ती निमुळती होत जाते. मध्ये कुठं वळून परत यायचं तर पुरेशी रुंदी हवी. आमची हेलिकॉप्टरं डोळ्यांनी बघत उडायची. ढगात शिरून उपकरणांच्या भरवशावर डोंगरांमधून वाट काढण्याची सोय त्या दरीत नाही. सकाळी आकाश काचेसारखं असतं. ऊन तापलं की खालच्या जंगलातून वाफ निघते, कड्यांना चिकटते आणि बघता बघता ढग होतो. तो वरून येत नाही, खालून चढतो. म्हणजे पुढं स्वच्छ दिसत असताना मागचं दार बंद झालेलं असू शकतं.

२५ जूनला हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ पडलं. यंत्र दलात येऊन फार वर्षं झाली नव्हती, चालवणारे अनुभवी होते, कप्तान विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो. गौचरहून निघून केदारनाथची फेरी करून ते परतत होतं. वर मरण पावलेल्यांच्या सामूहिक अंत्यसंस्कारांसाठी त्या दिवसांत लाकूड आणि इतर सामान पोचवलं जात होतं. परतीच्या वाटेवर, गौरीकुंडच्या उत्तरेला, खराब हवेत ते डोंगरावर गेलं. आत वीसजण होते: हवाई दलाचे पाच, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे नऊ आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे सहा. वाचलं कुणी नाही. त्यांत महाराष्ट्रातलेही जवान होते. बातमी आमच्या तळावर आली तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही. मी कुणाच्याही जवळ जाऊन सांत्वन केलं नाही, मलाही कुणी केलं नाही. सगळे आपापल्या यंत्राजवळ गेले आणि आधीच तपासलेलं पुन्हा तपासत बसले.

हवाई दलप्रमुख एन. ए. के. ब्राऊन स्वतः गौचरला आले, आणि मोहीम थांबली नाही. त्या मोहिमेला ‘ऑपरेशन राहत’ नाव होतं. हवाई दलानं त्यात दोन हजारांहून अधिक फेऱ्या करून एकोणीस हजारांवर माणसं बाहेर काढली. हे मोठंच काम आहे आणि ते मोठं म्हणूनच सांगायला हवं. पण यंत्रांजवळ राहणाऱ्याला या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. इतक्या फेऱ्या म्हणजे तितक्या वेळा कुणीतरी आकाशाकडं बघून ‘जाऊ या’ म्हणालेलं असतं. आणि काही वेळा ‘आता नको’ म्हणालेलं असतं. त्या दुसऱ्या गोष्टीची नोंद कुठंच होत नाही.

आमच्या एका पायलटाची गोष्ट सांगतो. लष्करातून निवृत्त झालेले, पन्नाशी ओलांडलेले. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. एका दुपारी शेवटच्या फेरीआधी त्यांनी दरीच्या तोंडाशी असलेल्या कड्याकडं बराच वेळ बघितलं आणि इंजिन बंद करायला घेतलं. तिथं यादी घेऊन एक अधिकारी उभे होते. रात्रभर झोपलेले नव्हते बिचारे. म्हणाले, “वर म्हातारी माणसं आहेत, एक चक्कर होऊ शकते.” साहेब म्हणाले, “उद्या सकाळी पाचला.” अधिकाऱ्यांचा तोल गेला. कॅमेरेवाले जवळच होते. गर्दीतून कुणी तरी ‘डरपोक’ म्हणालं. साहेबांनी हेल्मेट सीटवर ठेवलं आणि चहाला गेले.

पुढं काय झालं असं वाटतं? ढग आला नाही. संध्याकाळपर्यंत दरी मोकळी होती. दुसऱ्या एका कंपनीचं यंत्र त्याच वेळेत जाऊन माणसं घेऊन आलं, टाळ्या वाजल्या. साहेब तंबूत बसून ते ऐकत होते. रात्री मी त्यांना म्हटलं, “साहेब, आज हवा टिकली की.” ते म्हणाले, “टिकली. उद्या टिकेल की नाही ते आजच्या टिकण्यावरून ठरत नाही.” दुसऱ्या दिवशी पहाटे ते सगळ्यांच्या आधी उडाले.

नकाराची अडचण हीच आहे. गेलेला माणूस माणसं घेऊन परत आला की त्याचं बरोबर होतं हे सगळ्यांना दिसतं. न गेलेला बरोबर होता हे दाखवणारं काहीही मागं उरत नाही. न झालेल्या अपघाताचा पंचनामा होत नसतो. माझ्याही वाट्याला एकदा असंच आलं. एका यंत्रात गिअरबॉक्सच्या तेलात धातूचे कण आल्याचा इशारा देणारा दिवा लागला. अशा वेळी एक लोहचुंबकाचा प्लग काढून बघायचा असतो. त्यावर केसासारखी बारीक लव असेल तर ती पुसून, यंत्र जमिनीवर चालवून बघून सोडता येतं. चकाकणारा तुकडा असेल तर प्रकरण वेगळं. मी पुसलं, चालवलं, दिवा पुन्हा लागला, आणि या वेळी प्लगवर नखाच्या टोकाएवढी पापडी होती. मी यंत्र उभं केलं. फोनवर कंपनीचा माणूस विचारत होता, आजचा दिवस काढता येणार नाही का. समोर रांगेत माणसं बसलेली. त्यांतले एक काका उठून आले आणि फार सौम्यपणे म्हणाले, “बेटा, हमारी बहू ऊपर है.” त्यांना मी काय सांगणार? पापडी दाखवली. त्यांनी ती बघितली आणि परत रांगेत जाऊन बसले. तो गिअरबॉक्स पुढं उघडल्यावर आत काय निघालं, हे मला कुणी कळवलं नाही. कळलं असतं तरी माझी सही तीच राहिली असती.

असा दबाव आणणारे दुष्ट नसतात, हे मुद्दाम सांगतो. यादी घेऊन उभा राहिलेला अधिकारी, सुनेची वाट बघणारे काका, माल भरणारा कॉलेजातला पोरगा, सगळे आपापल्या जागी बरोबर असतात. आणि सगळ्यात मोठा दबाव तर बाहेरून येतच नाही. पायलटानं वर ती माणसं बघितलेली असतात. नेपाळच्या भूकंपाचं उदाहरण घ्या. १२ मे २०१५ ला दुसरा मोठा धक्का बसला, त्याच दिवशी अमेरिकी मरीन दलाचं ह्यूई हेलिकॉप्टर दोलखा जिल्ह्यात पडलं. सहा मरीन, दोन नेपाळी सैनिक आणि पाच नेपाळी गावकरी, असे तेराजण गेले. अवशेष सापडायला तीन दिवस लागले. नंतरच्या चौकशीत जे चित्र पुढं आलं ते असं: यंत्रात जखमी होते, त्यांना लवकरात लवकर उपचार मिळावेत म्हणून थेट वाट धरली गेली, आणि त्या अनोळखी डोंगरात ढगांनी घेरलं. त्या पायलटाला कुणी ओरडून जा म्हटलं नव्हतं. मागं कण्हणारी माणसं होती, तेवढं पुरे होतं.

तारांची गोष्ट अशीच. हिमालयात सफरचंदाच्या बागा उतारावर, रस्ता खाली. पेट्या उतरवायला गावकरी दरीवरून तारा टाकतात आणि त्यावर ट्रॉली सोडतात. ती तार कुठल्याही नकाशावर नसते, वरून दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तरकाशीच्या मोरी भागात, आराकोट परिसरात पूर आला. २१ ऑगस्टला मदतीचं सामान देऊन निघालेलं एक खासगी हेलिकॉप्टर मोल्डीजवळ अशाच तारेत अडकून कोसळलं, तीनजण गेले. दोनच दिवसांनी त्याच भागात दुसऱ्या हेलिकॉप्टरला तार चुकवताना कसंबसं नदीकाठी उतरावं लागलं. त्यातले जीव वाचले. नेपाळमध्ये २ जून २०१५ ला सिंधुपालचोक जिल्ह्यात विजेच्या तारांना लागून एक हेलिकॉप्टर पडलं होतं. त्यात पायलट आणि आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेचे तीन कार्यकर्ते गेले, तेही गावांना मदत देऊन परतताना. तारेची माहिती त्या त्या गावातल्या लहान पोरालाही असते. मात्र ज्याला ती हवी, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

आणि यंत्र, तेही फसतं. इंजिनिअरनं हे झाकून ठेवू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये बिहारच्या पुरात मुजफ्फरपूर जिल्ह्यात अन्नाची पाकिटं टाकणाऱ्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला पुराच्या पाण्यातच उतरावं लागलं. पाणी उथळ होतं, गावकरी धावले, चौघेही सुखरूप बाहेर आले. त्याच्या महिनाभर आधी पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला रात्री समुद्रावर गेलं आणि पडलं, तिघांचे प्राण गेले. त्याच यंत्रानं गुजरातच्या पुरातून काही दिवसांपूर्वी ६७ जणांना वाचवलं होतं. वाचवलेल्या माणसांच्या संख्येनं यंत्राचं आयुष्य वाढत नाही.

मग करायचं काय? शूरांना शूरपणा कमी करा म्हणून सांगायचं? त्याचा उपयोग नसतो. मला याचं सर्वांत चांगलं उत्तर बर्लिनच्या इतिहासात सापडलं. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली आणि वीस लाखांवर लोकांच्या शहराला कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानानं पुरवायची वेळ आली. १३ ऑगस्टला, शुक्रवारी, टेंपलहॉफ विमानतळावर ढग छपरांपर्यंत उतरले. एक विमान धावपट्टीपलीकडं जाऊन पेटलं, दुसऱ्याचे टायर फुटले, तिसरं भलत्याच धावपट्टीवर जाऊन उतरलं, आणि वरती विमानं एकावर एक घिरट्या घालत राहिली. त्या घिरट्या घालणाऱ्यांतल्या एका विमानात मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर बसलेले होते. हेच टनर महायुद्धात आसाममधून हिमालय ओलांडून चीनला जाणाऱ्या मालवाहतुकीचे प्रमुख होते, म्हणजे डोंगर आणि ढग त्यांना नवे नव्हते. त्यांनी वरच्या सगळ्यांना परत पाठवलं आणि पुढं नियम केला: पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही तर दुसरा प्रयत्न करायचा नाही. भरलेला माल घेऊन सरळ तळावर परत.

या नियमाचं मला वाटणारं मोल असं, की त्यानं पायलटाच्या डोक्यावरचं ओझं काढून घेतलं. खाली शहर उपाशी आहे, आपण दहा टन कोळसा परत नेतोय, याचा अपराध आता त्याचा राहिला नाही. परत जाणं हा भित्रेपणा उरला नाही, ती आज्ञा झाली. आणि शहर उपाशी राहिलं का? त्या मोहिमेत सप्टेंबर १९४९ पर्यंत पावणेतीन लाखांवर उड्डाणं झाली, सुमारे २३ लाख टन माल पोचला, आणि एप्रिल १९४९ मधल्या ईस्टरला एका दिवस-रात्रीत १,३९८ उड्डाणांत जवळजवळ तेरा हजार टन उतरवले गेले. मोहिमेत १०१ माणसं गेली हेही खरं. पण नकाराला नियमाची जागा मिळाल्यावर काम घटलं नाही, वाढलं.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानंही हे धडे किंमत मोजूनच घेतले आहेत. नोव्हेंबर १९९९ मध्ये रोमहून कोसोव्होतल्या प्रिस्टिनाला निघालेलं त्यांचं विमान ढगात डोंगराला धडकून २४ जण गेले. आज त्यांच्याकडं मदतीचं नियोजन करणारे वेगळे आणि उड्डाणाच्या सुरक्षेवर नजर ठेवणारे वेगळे आहेत. ज्याच्या हातात उपाशी माणसांची यादी आहे, त्याच्या हातात ‘उडायचं की नाही’ हा निर्णय असू नये, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला यादी वाचता येते त्याला दरीचा ढग वाचता येतोच असं नाही. आणि वाचता आला तरी यादी हातात असताना तो वाचवत नाही.

मी कराडकडचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा आमच्याकडंही हेलिकॉप्टरं आली, शिरोळकडच्या वेढलेल्या गावांवर अन्नाची पाकिटं पडली. टीव्हीवर ते बघताना बाकीचे पाकिटांकडं बघत होते, मी छपरांकडं. सुटे पत्रे, वाळत घातलेल्या ताडपत्र्या, गच्चीवरचे सोलर, केबलच्या लोंबत्या वायरी आणि मोबाइल वर करून यंत्राखाली धावणारी पोरं. पूर तिथं पुन्हा येणार हे नदीकाठच्या कुणाला सांगायला नको.

म्हणून वाचणाऱ्यांपैकी जे सरपंच असतील, ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक असतील, त्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्याआधी आपल्या गावच्या हद्दीत हेलिकॉप्टर उतरू शकेल अशी एक उंचावरची, सपाट, मोकळी जागा ठरवा. तिच्या भोवती कुठं विजेची तार आहे, कुठं टॉवर आहे, कुठं शेतावरून कुणी केबल ओढलीय, हे एका कागदावर काढून तहसीलदारांकडं द्या आणि दरवर्षी तपासा. यंत्र उतरताना ताडपत्र्या आणि पत्रे बांधून ठेवा, पोरांना आणि ड्रोन उडवणाऱ्यांना लांब ठेवा, हेलिकॉप्टरच्या मागच्या बाजूला कुणालाही जाऊ देऊ नका, आणि आतून बोलावल्याशिवाय पुढं होऊ नका. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करणाऱ्यांना दुसरी विनंती: त्यात एक ओळ घाला, की हवा आणि यंत्र यांबाबत पायलट आणि इंजिनिअर यांचा नकार अंतिम राहील, त्याचं कारण जागेवर विचारलं जाणार नाही, आणि प्रत्येक नकाराची नोंद ठेवली जाईल. आणि एखादा पायलट कधी म्हणाला की आता नको, उद्या पहाटे, तर त्याला चहा द्या. परत येणारा पायलटच दुसरी फेरी करू शकतो.